जांभळी उधळली तो दिवस

भाऊ दादू येणार हे नंदाला ठाऊक होतं. तिनंच पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावून त्याला मुंबईहून बोलावून घेतलं होतं. तरी एस्टीतून उतरून तो खळ्यात येऊन उभा राहिला, तेव्हा ती दारातच थबकली. कारण दादू एकटा आला नव्हता.

"हे सखारामशेठ," त्यानं बरोबरच्या माणसाची ओळख करून दिली. "माथेरानला यांची घोडी असतात. रत्नागिरीत काम होतं, म्हटलं आमच्याकडेच उतरा."

सखारामशेठनी हात जोडले. पडवीत आप्पा खोगिराचा तुटलेला पट्टा शिवत बसले होते. सुई कातड्यातून नेमकी आरपार जात होती, टाका टाक्याला लागून पडत होता. पण मुलगा डाव्या अंगाला हातभर अंतरावर उभा असूनही त्यांनी मान वर केली नाही.

"आप्पा, मी आलोय," दादू म्हणाला.

तेव्हा कुठे त्यांनी आवाजाच्या रोखानं सगळं अंगच फिरवलं. "आलास होय! बैस. तुझी लेक बघ जा. सुट्टी लागल्यापासून घोड्याच्या गळ्यातच पडलेली असते."

नंदानं भावाकडे पाहिलं. त्याच्याही ते ध्यानात आलं होतं.

चहा झाल्यावर तबेल्यामागच्या सुरूच्या बनात तिनं त्याला गाठलं. "हा माणूस कशाला आणलास?"

"तूच म्हणालीस ना, आप्पांना दिसत नाही म्हणून."

"बाजूचं दिसत नाही, असं म्हटलं मी. समोरचं अजून दिसतं. त्यांना मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे ने, एवढ्यासाठी बोलावलं तुला. माझं ऐकत नाहीत. म्हटलं, तुझं ऐकतील."

"माझं?" दादू हसला, पण त्या हसण्यात काही मजा नव्हती. "नंदा, जरा विचार कर. डोळे अधू झालेला माणूस शिंगरं शिकवतो, वर लोकांची पोरं त्यांच्या पाठीवर बसवतो. उद्या कुणाचं डोकं फुटलं म्हणजे? हे घोडेस्वारीचं शिबिर होऊन जाऊ दे. मग सखारामशेठ तिन्ही घोडी घेऊन जातील. मी शब्द दिलाय."

"कुणाला विचारून?"

"विचारायला गेलं की या घरात काहीच होत नाही. आणि तू काय जन्मभर लीदच काढणार आहेस?"

आप्पांनी लष्कराच्या घोड्यांच्या डेपोत उभी हयात काढली होती. पेन्शन घेऊन आले ते घोड्यांचं वेड घेऊनच. भाट्याच्या समुद्राकाठच्या पुळणीवर ते शिंगरं शिकवायला लागले, दर दिवाळीच्या सुट्टीत माणसांनाही शिकवायला लागले, आणि पहिल्या दिवसापासून नंदा त्यांच्या हाताखाली होती. दोन म्हाताऱ्या घोड्यांवर नवशिके बसत. तिसरी जांभळी. पिकल्या जांभळाच्या रंगाची ही शिंगी नंदानं दूध तुटल्यापासून वाढवलेली होती. तिच्या पाठीवर उद्या पहिल्यांदा माणूस बसायचा होता, आणि अंगानं हलकी म्हणून आप्पांनी दादूच्याच लेकीला, चिमाला, निवडलं होतं.

हे दादूला तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठावर आलंही. पण सांगितलं असतं तर तो चिमाला घेऊन संध्याकाळच्याच गाडीला बसला असता. नंदा तबेल्यात वैरण टाकायला निघून गेली.

*

येसूबाई चुलीपुढे बसून बांगडे साफ करत होत्या. लेक आत आली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"तू बोलवलंस त्याला."

"आये, आप्पांच्या डोळ्यांसाठी बोलावलं. असा कुणीतरी माणूस आणेल हे मला काय माहीत?"

येसूबाईंनी विळी बाजूला सारली. हात धुतले, पदराला पुसले. आज तीन महिने झाले, ही गोष्ट त्यांच्या छातीत दगडासारखी बसली होती.

"श्रावणात आमी दोघं कोल्हापूरला गेलो, आठवता? देवीला जातो म्हणून सांगितला होता तुला. डाक्टरकडे गेलो होतो. काचबिंदू हाय. गेली ती नजर परत यायची नाय. हाय ती टिकावी म्हणून औषध दिलान. सकाळ-संध्याकाळ मीच डोळ्यात घालते."

नंदा पाट ओढून आईसमोर बसली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातलान. म्हणाले, हे शिबिर शेवटचा. जांभळीवर पोर बसली की सगळा नंदाला देतो. शिबिर, घोडी, सगळा. माझ्या तोंडानं, चार लोकांत. तवर कुणी माझी कीव करायची नाय." येसूबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "एवढा माझ्याकडनं होऊ दे म्हणाले गो. आणि तू आदल्या दिवशी माथेरानवाल्याला दारात आणून बसवलंस."

"मी नाही आणला!"

"दादूला आणलंस. त्याच्या पाठोपाठ तो आला."

नंदाला वाटलं, आत्ताच जाऊन आप्पांच्या पायाशी बसावं, सगळं सांगून टाकावं. पडवीतून आप्पांचं हसणं ऐकू येत होतं. ते सखारामशेठना डेपोतल्या कुठल्याशा खोडकर खेचराची गोष्ट सांगत होते.

"उद्याचा दिवस जाऊ दे," येसूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मग मी बघते दादूकडे. त्याला चिमाचा काय सांगितलंस?"

"काही नाही."

"मी पण नाय," येसूबाई म्हणाल्या, आणि विळी पुन्हा पायाखाली घेतली.

*

ओहोटीनं पुळण लांबवर उघडी पडली होती. ओली वाळू पायाखाली घट्ट लागत होती. जांभळीसाठी आप्पांना अशीच जमीन हवी होती. शिबिराची मंडळी अर्धगोल करून उभी होती: कॉलेजची पोरं, बँकेतले एक कारकून, शाळेतल्या एक बाई. मध्ये आप्पा. त्यांच्या हातातला लांब दोर जांभळीच्या तोंडावरच्या मोरखीला होता, आणि जांभळीच्या पाठीवर लगाम धरून चिमा.

"लगाम हातात आला म्हणजे घोडं हातात आलं असं समजू नका," आप्पा सांगत होते. "घोडं भ्यालं की पळणार. पळणाऱ्याला मागे ओढलंत की त्याला वाटतं, पाठीवर वाघ बसलाय. एक हात सैल सोडा. दुसऱ्या हातानं तोंड वळवा. आधी मोठा गोल घ्या, मग लहान. वळताना त्याला पाय कुठं टाकू हे बघावं लागतं. तेवढ्यात भीती ओसरते."

चिमा सोळा वर्षांची. ओठ घट्ट मिटून ती सरळ बसली होती. जांभळी एक पाऊल टाकी, थांबे, नाक फुरफुरवी, पुन्हा पाऊल टाकी. आप्पा तिच्याबरोबर जागच्या जागी फिरत होते. नळीतून बघावं तेवढंच आता त्यांना दिसे. पण त्या नळीत जांभळी असली की काही सुटत नसे. कानाची थरथर, चिमाची टाच, मोरखीवर चढलेला फेस. पोर छान बसली होती. आणखी एक फेरा, मग तिला उतरवायचं, आणि नंदाला सगळ्यांपुढे बोलवायचं. काय बोलायचं ते त्यांनी कालच मनात जुळवून ठेवलं होतं.

मोटरसायकलचा आवाज त्यांच्या कानावर आला. तो त्यांना वरच्या रस्त्यावरचा वाटला. लाटांच्या गाजेत नेमकं कळेना. पुळणीवर कोण मोटरसायकल घालील?

"आप्पा, डावीकडे!" नंदा ओरडली.

आप्पांनी मान वळवली, तेवढ्यात जांभळी डोळ्यांपुढून नाहीशी झाली. दोर हातातून सळसळत गेला. त्यांनी मूठ आवळली, तळहात भाजून निघाले, आणि दोराचं टोकही निसटलं.

समोर नुसती वाळू होती. त्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. पाणी. सुरूची झाडं. कुणाचा तरी पांढरा शर्ट. चिमा कुठेच नव्हती.

"कुठाय ती?" ते ओरडले. "नंदा, कुठाय माझी पोर?"

शिबिराची मंडळी त्यांच्याकडे बघत राहिली. मोकळ्या पुळणीवर उधळलेली घोडी सगळ्यांना दिसत होती. एका आप्पांना दिसत नव्हती.

नंदा धावत येऊन त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. "खाडीच्या तोंडाकडे निघालीय. चिमा वर आहे."

"दोर?"

"मागून फरफटतोय. पायात नाही अजून."

"कोण धावतंय का तिच्या मागं?"

"कॉलेजची पोरं. आणि दादा."

"थांबव! मागं कुणी धावलं तर ती पाण्यात घुसेल."

"थांबा!" नंदा जीव खाऊन ओरडली. "सगळे जागच्या जागी थांबा! दादा, थांब!"

पोरं थबकली. दादू आणखी काही पावलं धावला आणि वाळूत गुडघ्यांवर पडला.

"पोरीचे हात कसे आहेत?" आप्पांनी विचारलं.

"मागे ओढतेय. दोन्ही हातांनी."

आप्पांनी डोळे मिटले. इथून हाक पोचणार नव्हती. पुढे खाडीचं पाणी समुद्राला मिळत होतं, तिथे तळ एकदम खोल जात होता. नंदाच्या दंडावर त्यांची पकड इतकी आवळली की तिला कळ आली.

"एक हात सोडला," नंदा म्हणाली. "सोडला आप्पा. उजव्या हातानं तोंड वळवतेय."

"वळतेय?"

"नाही. नाही वळत. पाण्यात गेली. थांबा... वळली. पाण्यातूनच वळली. मोठा गोल घेतेय."

"आणखी?"

"लहान गोल. दुडक्या चालीवर आली. आता चालतेय." नंदा रडायला लागली. "थांबली आप्पा. पोर वर आहे."

आप्पा खाली वाळूत बसले. त्यांच्या दोन्ही तळहातांची साल निघाली होती.

*

पुळणीवरून जाताना मोटरसायकल किती मोठ्यानं वाजते हे दादूला आतापर्यंत उमजलंच नव्हतं. सखारामशेठना घोडी चालताना बघायची होती. म्हणून त्यानं मित्राची गाडी मागून आणली, त्यांना मागे बसवलं आणि बनातून सरळ खाली घातली. आपण डावीकडून येतोय हे त्याच्या ध्यानात आलं. आप्पांना त्या बाजूचं दिसत नाही हेही ध्यानात आलं. पण घोडीवर बसलेल्या पोरीची लाल रिबिनीची वेणी त्याला फार उशिरा दिसली.

तो पाण्याकडे पळत सुटला तेव्हा चिमा खाली उतरली होती. घोटाभर पाण्यात उभी राहून ती जांभळीच्या मानेवरून हात फिरवत होती.

"बाबा, हळू या," ती म्हणाली. "ती पुन्हा भिईल."

दादू थांबला. पोरीला मिठीत घ्यायला त्याचे हात शिवशिवत होते आणि तो एक एक पाऊल टाकत होता. जवळ गेल्यावर त्याला दिसलं, चिमानं जांभळीची आयाळ मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

सुरूच्या सावलीत सगळी जमली. कुणीतरी येसूबाईंना हाक मारायला गेलं होतं. त्या अनवाणीच आल्या. आधी नातीला चाचपून बघितलं, मग हळद आणि फडकं घेऊन नवऱ्यापुढे बसल्या.

"आये, चिमा या घोडीवर बसणार हे तुला माहीत होतं?" दादूनं विचारलं.

"होता."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू सांगितलंस, गाडी घेऊन येतो म्हणून?"

दादू नंदाकडे वळला. "तुला पण माहीत होतं. काल तासभर बोललो आपण."

"माहीत होतं," नंदा म्हणाली. मग ती वडिलांसमोर, अगदी त्यांच्या नजरेच्या नळीत येऊन बसली. "आप्पा, दादाला मी बोलावलं. तुमच्या डोळ्यांचं मीच सांगितलं त्याला."

फडकं बांधणारे येसूबाईंचे हात थांबले. आप्पा लेकीकडे बघत राहिले. पुढ्यात बसलेलं माणूस त्यांना नीट दिसायचं. तिच्या गालावरची वाळूसुद्धा दिसत होती.

"मला का नाय विचारलंस?"

"विचारलं होतं. गणपतीत विचारलं, दसऱ्याला विचारलं. संध्याकाळच्या उजेडात असं होतं, म्हणालात."

आप्पांनी मान खाली घातली. "म्हणालो होतो खरा."

सखारामशेठ झाडाला टेकून उभे होते, ते घसा खाकरत म्हणाले, "मी निघतो. माझ्यामुळंच झालं हे. पण दादूभाऊ, आपलं जे ठरलं होतं, त्याचं..."

दादूच्या आधी येसूबाईच उठल्या. "तुमी पाव्हणे. जेवल्याबिगर जायचा नाय," त्या म्हणाल्या. "पण घोड्यांचा विषय आमच्या घरात पुन्हा काढू नका. ती नंदाची हायत."

"अगो," आप्पा म्हणाले, "ते मला सांगायचा होता."

"मग सांगा की. मी काय तोंड धरलंय?"

आप्पा उठले. बांधलेले हात पुढे धरून ते शिबिराच्या मंडळींसमोर आले. काल जुळवलेलं सगळं विसरून गेले होते. "तुमी आता बघितलंतच," ते म्हणाले. "मला बाजूचं दिसत नाय. कित्येक महिने झाले. मी सांगायला पायजे होतं, नाय सांगितलं. आजपासून नंदा शिकवील. ज्यांना घरी जायचंय त्यांनी जा, वाईट वाटणार नाय."

बँकेतले कारकून चपला शोधायला लागले. शाळेतल्या बाई हलल्या नाहीत. पोरं एकमेकांची तोंडं बघत तिथेच बसून राहिली.

"आणखी एक," आप्पा नंदाला म्हणाले. "भरती चढायच्या आत जांभळीवर कुणीतरी बसलं पायजे. आज ही भीती अंगात घेऊन ती तबेल्यात गेली, तर उद्या कुणाला पाठीवर बसू द्यायची नाय."

"चिमा नाही," दादू एकदम म्हणाला.

"चिमा नाही," नंदाही म्हणाली. "मी बसते. जड आहे तिला, पण घटकाभरच. दोर कोण धरणार?"

आप्पांचे हात फडक्यात होते. पोरं नवशिकी. नंदानं भावाकडे पाहिलं. सुरुवातीच्या वर्षांत दादूच दोर धरायचा. धरताना चुकला की आप्पा सगळ्यांसमोर ओरडायचे. एक दिवस त्यानं दोर वाळूत टाकला तो टाकलाच. पुढे मुंबईला निघून गेला.

"मला आता येत नाही," दादू म्हणाला.

"येतं," नंदा म्हणाली.

चिमानं दोर आणून बापाच्या हातात ठेवला. त्याच्यावर अजून आप्पांच्या रक्ताची ओलसर लाली होती.

पाणी वर सरकायला लागलं होतं. दादू मध्ये उभा राहिला. नंदानं जांभळीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत रिकिबीत पाय घातला, पोटावर आडवी पडून वजन टाकलं, मग सावकाश पाय पलीकडे नेला. जांभळीच्या अंगावरून शिरशिरी गेली. तिनं मान वर ताणली आणि मागचे पाय गोळा केले. दादूनं न कळत दोर ओढला.

येसूबाई उभ्या जन्मात पुळणीवर घोडी बघायला आल्या नव्हत्या. भीती वाटायची. आजही त्यांना घोडीकडे बघवेना, म्हणून त्या नवऱ्याकडे बघत होत्या. आप्पांनी घोडीवर नजर रोखली होती. दादूची चूक त्यांना दिसली होती. त्यांच्या गळ्याची शीर ताठली, तोंड उघडलं. आता ओरडणार, असं येसूबाईंना वाटलं. दादूलाही वाटलं असावं. त्याचे खांदे आधीच वर चढले होते.

आप्पांनी तोंड मिटून घेतलं.

"दादा," घोडीवरून नंदाचा आवाज आला, अगदी हळू. "दोर सैल सोड. पाय हलवू नकोस. तिला ठरवू दे."

दादूनं दोर सैल सोडला. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग जांभळीनं मान खाली घेतली, ओली वाळू हुंगली आणि एक पाऊल पुढे टाकलं.